नवे बेअरिंग दोनदा का जळाले?
जुन्या जीपच्या पुढच्या चाकाचा एक धडा

जुन्या गाडीचे पुढचे बेअरिंग बदलले की तिघांची भांडणे सुरू होतात. गाडीवाला म्हणतो, मिस्त्रीने काम बिघडवले. मिस्त्री म्हणतो, दुकानदाराने नकली माल दिला. दुकानदार म्हणतो, माल असली आहे, बसवणाऱ्याला अक्कल नाही. तिघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, पण बेअरिंग उघडून कोणीच पाहत नाही. या भांडणात मी गाडीवाल्याच्या जागेवर उभा होतो. पैसे गेले, वेळ गेला, आणि एकदा तर चाक निखळता निखळता राहिले. त्यातून जे शिकलो ते गॅरेजवाले, स्पेअर पार्टवाले आणि जुनी गाडी वापरणारे व्यापारी अशा सर्वांच्या कामी यावे म्हणून येथे मांडत आहे.

घडले ते असे

कापडाच्या गाठी घेऊन बाजार करण्यासाठी मी एक जुनी, विलीज पद्धतीची जीप ठेवली होती. डाव्या पुढच्या चाकातून घरघर येऊ लागली म्हणून बेअरिंग नवे टाकून घेतले. पहिल्या दिवशी चाक हाताने छान फिरत होते. शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर ते डुगडुगू लागले. गाडी परत नेली. मिस्त्रीने हब न उघडता फक्त नट आवळून दिला. मनमाडच्या रस्त्याला तीस किलोमीटर झाले नसतील, तोच जळक्या ग्रीसचा वास आला. उतरून पाहतो तो हबला हात लावता येत नव्हता. बेअरिंग निळे पडले होते.

दुसरे नवे बेअरिंग घेतले. पुन्हा सैल पडू नये म्हणून मिस्त्रीने या वेळी नट सुरुवातीलाच कसून आवळला. तेही जळाले.

तिसऱ्या वेळी गाडी एका वयस्क उस्तादाकडे नेली. त्यांनी नवे बेअरिंग हातातही घेतले नाही. आधी रिकामा हब रॉकेलने धुऊन उन्हात धरला आणि आत बोट फिरवले. जिथे बेअरिंगचा कप टेकतो त्या काठावर छिन्नीचा घाव बसून लोखंडाचा बारीक काटा उभा राहिला होता आणि बाजूला वाळलेल्या ग्रीसचा थर होता. कप तळाला टेकलाच नव्हता. गाडी चालली, थर दबला, कप आत सरकला आणि चाक सैल झाले. दोष ना मालाचा होता, ना नटाचा. दोष त्या केसाएवढ्या काट्याचा होता आणि तो न पाहणाऱ्या डोळ्यांचा होता.

या गाडीचा आणि या बेअरिंगचा परिचय

मुंबईकर आणि जीप यांचा संबंध जुना आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून महिंद्र अँड मुहम्मद या नावाने पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले. विलीजची जीप सुट्या भागांत मागवून भारतात जोडण्याचे काम १९४७ पासून याच कंपनीने हाती घेतले. माझगावात जोडलेल्या या गाड्यांची पुढची पिढी आजही शेतावर, घाटात आणि हौशी लोकांच्या दारात उभी दिसते.

या जीपच्या प्रत्येक पुढच्या हबमध्ये टेपर रोलरची दोन बेअरिंगे असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. दोन्ही एकाच मापाची. आतल्या कोनाचा नंबर १८५९० आणि बाहेरच्या कपाचा १८५२०. कोनाचे भोक ४१.२७५ मिलिमीटर आणि कपाचा बाहेरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर. दुकानात ‘जीपचे बेअरिंग द्या’ असे म्हणू नये, नंबर सांगावा. कापडाच्या दुकानात ‘सदऱ्याचे कापड द्या’ म्हटले तर दुकानदार पन्नास ठाण काढतो. पोत आणि पन्हा सांगितला की हवे तेच हातात येते. तसेच हे आहे.

टेपर रोलर म्हणजे एका टोकाला किंचित निमुळता असलेला रोलर. सेंट लुईसमधील घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली आपल्या एका जोडीदारासह या बेअरिंगचे पेटंट घेतले. घोडागाडी वळणावर गेली की चाकावर वरून भार येतो तसाच बाजूनेही रेटा येतो. निमुळता रोलर हे दोन्ही भार एकदम सोसतो. मोटारीच्या पुढच्या चाकालाही तेच हवे होते.

पण यात एक अट आहे आणि सारा धडा त्या अटीत आहे. साध्या गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये आतली मोकळीक कारखाना ठरवून देतो. टेपर बेअरिंगमध्ये कप वेगळा आणि कोन वेगळा असतो. दोघांत किती जागा राहील हे कारखाना ठरवत नाही, ते नट आवळणारा हात ठरवतो. म्हणजे डबीतून निघालेले बेअरिंग अर्धेच तयार असते. उरलेले अर्धे मिस्त्री तयार करतो.

आधी रोग ओळखा

चाक जॅकवर उचलून गाडीखाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. मग चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा.

चाक हलले म्हणजे बेअरिंगच गेले असे नाही. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर सैलपणा चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तरीही हलत राहिले तर दोष किंगपिनच्या बाजूला आहे. तिथे चाकाचा नट कितीही आवळला तरी उपयोग नाही, उलट चांगले बेअरिंग जळेल. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खडखड आली तर स्टिअरिंगचे सांधे पाहा.

यानंतर चाक फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर कानाला ऐकू येण्याआधी ती खरखर हाताला कळते. ब्रेकचा पट्टा ड्रमला घासत असेल तर त्याचा आवाज एकाच ठिकाणी दर फेरीला येतो. त्याला बेअरिंगचा आवाज समजू नये.

हब तयार करणे

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणूनच इथे चुका होतात.

१) जुना कप काढताना छिन्नी वापरू नका. पितळेचा किंवा नरम लोखंडाचा रॉड घ्या आणि समोरासमोर आळीपाळीने ठोके द्या, म्हणजे कप तिरका अडकणार नाही.

२) हब रॉकेलने किंवा डिझेलने धुवा. पुसायला कॉटन वेस्ट घेऊ नका. त्याचे धागे आत राहतात आणि ग्रीसमध्ये मिसळून रोलरखाली जातात. धुतलेल्या जुन्या सुती कापडाचा तुकडा चांगला, तोही कडा न उसवलेला.

३) कप जिथे टेकतो त्या काठावर बोट फिरवा. काटा, खडबड, जुना थर लागला तर बारीक कानसीने आणि पॉलिश पेपरने काढा, पुन्हा धुवा.

४) नवा कप हबमध्ये दाबून बसला पाहिजे. हाताने सरकून आत गेला तर हब झिजला आहे, जुना कप आत फिरत होता. अशा वेळी हबला आतून पंचाचे ठिपके मारून कप अडकवण्याची सवय पुष्कळ गॅरेजमध्ये आहे. ते ठिपके थोड्या दिवसांत चपटे होतात आणि कप पुन्हा फिरतो. यावर इलाज एकच, हब बदलणे किंवा चांगल्या लेथवाल्याकडून तो दुरुस्त करून घेणे. गिऱ्हाइकाला हे आधीच स्पष्ट सांगावे.

कप ठोकताना

दोन्ही कपांची रुंद तोंडे हबच्या बाहेरच्या बाजूला यायला हवीत. कप उलटा बसला तर कोन त्यात नीट बसत नाही, नुसत्या कडेवर टेकतो. घाईत ही चूक होते.

कप ठोकण्यासाठी जुना कप उत्तम. त्याला ग्राइंडरने एक चीर पाडून ठेवा, म्हणजे तो आत अडकून बसत नाही. हातोडा थेट नव्या कपावर मारू नका. कडक पोलादाचा टवका उडतो आणि डोळ्याला इजा होते.

ठोकताना कान द्या. कप आत सरकत असतो तोवर आवाज पोकळ येतो. तळाला टेकला की आवाज एकदम भरीव होतो. उस्तादांचा कान यात तयार असतो. ज्यांचा नसेल त्यांनी फीलर गेजची सर्वांत पातळ पट्टी घ्यावी आणि कप व काठ यांच्यामध्ये जाते का ते सगळीकडून पाहावे. एका जागीही गेली तर कप तिरका आहे. माझ्या जीपला ही एक तपासणी पहिल्याच वेळी झाली असती तर दोन बेअरिंगे वाचली असती.

कोन आणि कप ही जोडी समजावी. नवा कोन जुन्या कपात घालून पैसे वाचवू नका. जुन्या कपावर जुन्या रोलरची घडी पडलेली असते, नवा रोलर तिच्यावर नीट चालत नाही.

कोन आणि स्पिंडल

कप हबमध्ये घट्ट आणि कोन स्पिंडलवर मात्र सरकता, असे का? चाकाबरोबर कप फिरतो, म्हणून भार त्याच्या सर्व भागांवर आळीपाळीने येतो. तो सैल असेल तर हबमध्ये फिरून हब खातो. कोन स्थिर असतो. तो हाताने सरकला पाहिजे, नाही तर नट फिरवून मोकळीक ठरवताच येणार नाही. कोन बसवायला हातोडा लागला तर समजा, स्पिंडलवर कुठेतरी काटा आहे. तो बारीक पॉलिश पेपरने काढा. पण स्पिंडल निळा पडलेला असेल किंवा त्यावर नखाला लागेल अशी खाच असेल, तर तो बदलावा लागतो.

ग्रीस आणि सील

ग्रीस रोलरच्या वरून फासून चालत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि कोनाची रुंद बाजू त्यावर दाबत जा, वरच्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. व्हील बेअरिंगसाठी असलेले ग्रीसच वापरा. जुने ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय वेगळ्या जातीचे नवे घालू नका. दोन जातींचे ग्रीस मिसळले की कधी कधी पातळ होऊन वाहते आणि ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते. हबची पोकळी गच्च भरू नका. जास्त ग्रीस तापते, फुगते आणि सील ढकलून बाहेर येते.

सीलचे ओठ बेअरिंगच्या बाजूला असावेत. सील तिरके बसले किंवा चुकीच्या मापाचे असले तर ते घासते आणि चाक जड फिरते. मग मिस्त्रीला वाटते नट जास्त आवळला गेला, म्हणून तो नट सैल करतो. चाक तरीही जड, आणि बेअरिंग मात्र सैल. यासाठी नट लावण्याआधी हब स्पिंडलवर हाताने फिरवून सीलचा ताण किती आहे ते लक्षात ठेवा.

नट आवळण्याची खरी रीत

जुन्या विलीजची रीत साधी आहे. चाक सतत फिरवत राहा आणि आतला ॲडजस्टिंग नट आवळत जा, चाक अडकू लागेपर्यंत. यामुळे रोलर आपापल्या जागी बसतात. चाक न फिरवता नट आवळला तर रोलर तिरके राहतात आणि नंतर सैलपणा निघतो. चाक अडकले की नट सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घ्या. षटकोनी नटाची एक बाजू म्हणजेच एक षष्ठांश फेरा, त्यामुळे मोजायला सोपे. गरज पडली तर आणखी किंचित मागे घ्या. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि हलवून पाहिले तर हाताला जेमतेम जाणवेल इतकाच सैलपणा राहिला पाहिजे.

मग लॉक वॉशर आणि बाहेरचा लॉकनट लावा. लॉकनट कसला की आतली मोकळीक बदलते, हे अनेकजण विसरतात. म्हणून लॉकनट आवळल्यानंतर चाक पुन्हा तपासा. बरोबर असेल तरच वॉशरचे ओठ नटावर वाकवा. जुना, दोनदा वाकवलेला वॉशर पुन्हा वापरू नका. दोन-चार रुपयांच्या पत्र्यासाठी चाक पणाला लावणे हा कुठला हिशेब? या जीपमध्ये पुढचे चाक रस्त्यावर धरून ठेवणारे हेच दोन नट आहेत. ते सुटले की हबसकट चाक बाहेर.

नट फिरवायला त्याच्या मापाचा बॉक्स पाना घ्या, दोन इंच आणि एक सोळांश इंचाचा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवणाऱ्याला किती आवळले हे कधीच कळत नाही. माझ्या हबमधला काटाही अशाच छिन्नीने उठला होता.

एका गाडीचा नियम दुसरीला लावू नका

जीपची ही रीत सर्व जुन्या गाड्यांना लागू नाही. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडच्या ॲबिंग्डन येथे बनलेली एमजीबी ही दोन आसनी गाडी पाहा. तिच्या पुढच्या हबमध्येही टेपर रोलरच आहेत, पण दोन कोनांच्या मध्ये एक नळी आणि पातळ शिमा असतात. तिथे नट मागे घेऊन सोडायचा नसतो. तो ४० ते ७० फूट-पौंडांपर्यंत पक्का आवळायचा आणि त्या दरम्यान स्प्लिट पिनचे भोक जुळवायचे. मोकळीक ठरते ती शिमांवर, आणि ती इंचाच्या दोन ते चार सहस्रांश, म्हणजे ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असावी लागते. सैल वाटले की एक शिम कमी करायची, घट्ट वाटले की वाढवायची. ती नळी ‘फालतू’ समजून फेकून देणारे आणि नट जीपसारखा ढिला सोडणारे मिस्त्री गाडीचे नुकसान करतात. गाडी कोणतीही असो, तिचे पुस्तक मिळवा, नाही तर खोलताना कोणता तुकडा कुठून निघाला ते कागदावर लिहून ठेवा.

रस्त्यावरची परीक्षा

काम झाल्यावर आठ-दहा किलोमीटर गाडी चालवा, ब्रेक शक्यतो कमी वापरा आणि उतरून दोन्ही बाजूंच्या हबला हाताची मागची बाजू लावा. कोमट हरकत नाही. हात ठेववत नसेल किंवा एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर पुढे जाऊ नका, उघडा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा उचलून सैलपणा पाहा. थोडा सैलपणा आला असेल तर नट जुळवता येतो. पण बराच आला असेल तर नुसता आवळू नका. काहीतरी आत सरकले आहे, हब उघडून पाहा. माझ्या मिस्त्रीने नेमके इथेच चुकवले.

जुने बेअरिंग साक्ष देते

आता सुरुवातीच्या भांडणाकडे येऊ. दोषी कोण हे जुने बेअरिंग स्वतः सांगते, फक्त ते फेकून देऊ नका. धुऊन उजेडात पाहा.

कोन आणि रोलर निळे किंवा तपकिरी पडले असतील तर बेअरिंग तापले आहे. नट जास्त आवळला गेला किंवा ग्रीस कमी पडले. कपाच्या एकाच बाजूला पोपडे निघाले असतील तर कप तिरका बसला होता, खाली कचरा होता. रोलरच्या अंतरावर सारखे खड्डे असतील तर हातोड्याचे घाव बसले आहेत. त्याच अंतरावर गंजाच्या रेघा असतील तर पाणी शिरले आणि गाडी उभी राहिली. कपाची बाहेरची बाजू घासून चकचकीत झाली असेल तर तो हबमध्ये फिरत होता. आणि यांतले काहीच नसताना नवे बेअरिंग लवकर फुटले, त्यावरचा नंबर पुसट किंवा खोडलेला निघाला, तरच मालावर संशय घ्यावा.

यातून तिघांनाही काही घेण्यासारखे आहे. दुकानदाराने नंबर लिहून पक्के बिल द्यावे आणि घासून चमकवलेला जुना माल नव्याच्या डबीत विकू नये. कापडात खोट निघाली तर सदरा फाटतो, इथे चाक निघते आणि माणूस जातो. मिस्त्रीने जुने बेअरिंग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे आणि ते का गेले हे दाखवावे. त्याची मजुरी नट आवळण्याची नाही, पाहण्याची आहे. आणि गाडीवाल्याने ‘लवकर करा’ म्हणणे सोडावे. हब धुण्याचा आणि बोट फिरवून पाहण्याचा अर्धा तास मिस्त्रीला दिला नाही, तर त्याची किंमत रस्त्यावर द्यावी लागते. मी ती दोनदा दिली आहे.

त्या उस्तादांनी बसवलेले तिसरे बेअरिंग पुढे बरीच वर्षे चालले. ते पहिल्या दोन बेअरिंगांच्याच नंबरचे होते आणि त्याच दुकानातून घेतले होते.